मुठीखालचा गंज

अमेरिकेतल्या हर्नडनचा आमचा सत्यजितदादा एका जागी कधी बसला नाही. घरून ऑफिसची मीटिंग चालू असतानाही कपाटातली जुनी जपानी तलवार काढून पुसत राहायचा. मुठीजवळच्या लोखंडी चकतीवर सोन्याचे बगळे होते; त्यांना आम्ही बोट लावलं तरी खेकसायचा. मुठीत दडलेला पात्याचा भाग मात्र गंजून काळा झालेला. त्या गंजावरूनच तलवारीचं वय कळतं, तो घासायचा नसतो, हे त्यानेच आम्हाला शिकवलेलं.

खंडेनवमीला मूठ काढून तलवार पाटावर ठेवली आणि याला राहवेना. गंजकं शस्त्र पूजेला कसं चालेल? चिंच लावून लख्ख घासलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग मटकन खाली बसला.

आता रोज मूठ काढून गंज धरला का बघतो. "दादा, दोनशे वर्षं लागतील," मी म्हटलं.

"म्हणून काय बघायचंही नाही?"