मोबाइलला 'सरी' म्हणालो

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये चाळीस वर्षं शिवणकाम केलं आणि कुणाला काही विचारायला गेलो नाही. हात लावून बघितल्याशिवाय कापड घेतलं नाही. मोबाइलवर सामान मागवणाऱ्यांना मी हसत आलो होतो.

त्या वर्षी बायकोचे गुडघे फार दुखायला लागले. औषधाच्या दुकानात गुडघ्याच्या पट्ट्यांची जोडी सोळाशेला सांगितली. नात म्हणाली, "अज्जा, मोबाइलवर साडेसातशेला आहे. संध्याकाळी आले की मागवते."

"का? मला तोंड नाही? माइकवर बोललं की झालं, तूच म्हणतेस ना?"

"बोला मग. पण भांडू नका त्याच्याशी."

ती कामाला गेली. दुपारी मी खिडकीपाशी बसलो, माइकचं चित्र दाबलं आणि खणखणीत म्हणालो, "गुडघ्याचा पट्टा." काही सापडलं नाही. पुन्हा बोला, असं मोबाइलनेच सांगितलं. आता आम्ही बंगळूरचे जुने मराठी. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि कुणी काही सांगितलं की तोंडातून आधी 'सरी' निघतं, म्हणजे 'बरं'. तसं त्यालाही म्हणालो, "सरी, सरी."

पडदाभर साड्या आल्या.

त्या घालवायच्या कशा ते शोधत होतो, तेवढ्यात बायको भिंतीला धरत बाहेर आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"अहो, साड्या कुणाला बघताय?"

मी मागे जायचं बटण शोधत राहिलो.

"मला?" तिने खुर्ची ओढली. "तुमच्या लक्षात आलं होतं होय! मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही. तीन वर्षं झाली. दुकानाचा जिना चढवत नाही, म्हणून साडीचं नावच काढलं नाही मी."

मला वाटलं होतं तिची हौस फिटली. आमचं नेहमीचं साडीचं दुकान पहिल्या मजल्यावर. मालक तिला 'या अक्का' म्हणून गादीवर बसवायचा, आणि ही वीस साड्या उलगडायला लावून एक घ्यायची. ते बंद झालेलं मला दिसलं होतं. का बंद झालं, ते विचारलं नव्हतं. अगं, मी पट्टा शोधतोय, असं ओठांवर आलं होतं. पण तिचं बोट पडद्यावर फिरायला लागलं होतं.

"हा चिंतामणी रंग. या वयात बरा दिसेल?"

"दिसेल."

"कापड कसं असेल हो?"

आयुष्यात पहिल्यांदा हात न लावता कापडाबद्दल बोललो. "सुती आहे. धुतल्यावर मऊ पडेल."

"आठशे वीस! दुकानात पंधराशे तरी घेतील. स्वल्प कमी करतात का विचारा की."

"कुणाला विचारू? मोबाइलला?"

इतकी हसली, की गुडघा धरून बसली.

संध्याकाळी नातीने साडी मागवली आणि पट्टेही मागवले. दुकानात नुसत्या पट्ट्यांना जेवढे गेले असते, त्याहून तीस रुपये कमीच लागले. बायको तिला सांगत होती, "तुझ्या अज्जांनी आपणहून शोधली बघ. मला तोंड उघडावं लागलं नाही." नातीने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. केलेल्या कामाचा मी जन्मभर तोरा मिरवला, पण हे तर मी केलंच नव्हतं. जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन तिच्या शेजारी बसलो, आणि पट्टा शोधताना साड्या कशा आल्या ते सांगून टाकलं. तिने कप खाली ठेवला. मग मीच विचारलं, "त्या जिन्यापायी आणखी काय काय राहिलंय तुझं?" ती एकेक सांगत गेली, आणि मी मधे एक शब्द न बोलता ऐकत बसलो.