गेलनची हलकी रायफल

गेलन स्टोर्डाल माझ्या बंदुकांच्या दुकानात शिरला तो हातातला कागद नाचवतच. जुलैची सकाळ होती आणि मी काउंटरवर मासेमारीचे परवाने फाडत बसले होते.

"नोरीन, हे वाच."

"चष्मा सापडत नाहीये. तूच सांग."

"अगं, डोक्यावर आहे तुझ्या!"

चष्मा खाली ओढला आणि वाचलं. बिगहॉर्न जातीचा रानमेंढा, नर, एक नग, परवानाधारक गेलन स्टोर्डाल. मी अशी किंचाळले की मागच्या खोलीत झोपलेला कुत्रा भुंकत बाहेर आला. चौतीस वर्षं हा माणूस दर वसंतात या परवान्याच्या सोडतीत नाव घालत होता. आमच्या मोंटानातल्या या खोऱ्यात असा अर्ज करता करता कितीतरी माणसं म्हातारी होऊन गेली. गेलन अडुसष्ट वर्षांचा. यंदा डोंगर चढला तर चढला, नाहीतर विषय संपला.

"आता रायफल दाखव," तो म्हणाला. "दुकानातली सगळ्यात हलकी. आणि काडतूस मॅग्नमचं, सगळ्यात जोराचं."

माझा आनंद तिथेच निम्मा झाला. का, ते सांगते.

गेलनने तीस वर्षं शाळेची बस चालवली. बर्फात, चिखलात, एक दिवस उशीर नाही. दर उन्हाळ्यात चर्चच्या तळघरात पोरांना शिकारीचा वर्ग शिकवला, तोही फुकट. माझी दोन्ही पोरं त्याच्याच हाताखाली शिकली. खोटं बोलणाऱ्याला तो दारात उभा करत नसे. सरळ माणूस. हट्टी, पण सरळ.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्याच शरदात तो मुलाला, ब्रायसला, घेऊन एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेला. गेलन रायफलीवर आणि ब्रायस शेजारी मोठ्या दुर्बिणीतून वाऱ्याचा अंदाज सांगायला. गोळी सुटली ती मादीच्या पुढच्या पायाला लागली, पार खाली. तीन पायांवर ती झाडीत शिरली. बापलेकांनी तीन दिवस शोधलं, सापडली नाही. आमच्याकडे जनावराचं रक्त सांडलं की परवाना संपला, मग ते हाती लागो न लागो. कायदा विचारत नाही, पण आम्ही पाळतो. गेलननेही पाळलं आणि घरी आला.

इथवर सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी कॅफेतल्या नेहमीच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, तो म्हणाला, "ब्रायसने वारा चुकीचा सांगितला."

ब्रायस तिथेच होता, हातात कॉफीचा कप. तो कपातच बघत राहिला. मग कोणीतरी म्हणालं, "जा रे बाबा स्पोकेनला राहायला, तिथे वारा नसतो." टेबल खो खो हसलं. हे बोललं कोण? मी. माझी जीभ मेली कधी गप्प बसत नाही. त्याच आठवड्यात ब्रायस खरोखर स्पोकेन शहरात गेला, ट्रकच्या गॅरेजात लागला. दोन नाताळ आले आणि गेले, पोरगा घरी फिरकला नाही.

म्हणून गेलनने "मॅग्नम" म्हटलं तेव्हा मी रायफल काढायला उठले नाही.

"तुझी जुनी का नको?" मी विचारलं.

"साडेनऊ पौंडांची आहे ती. या खांद्यावर घेऊन नऊ हजार फुटांवर चढू? तिकडेच पुरावं लागेल मला."

"मग हलकी घे, पण काडतूस सौम्य घे. मेंढा आहे तो, रणगाडा नाही."

"मला शिकवू नकोस गं. चौतीस वर्षांनी एक नंबर लागलाय. एका गोळीत पडला पाहिजे."

काउंटरवर हलकी रायफल सगळ्यांनाच आवडते. उचलतात, खांद्याला लावतात, "वा!" म्हणतात. पण काउंटरवर कोणाला धाप लागलेली नसते. जड रायफल धक्का स्वतः पोटात घेते आणि छाती धडधडत असली तरी जागची हलत नाही. हलकी तो सगळा धक्का तुमच्या खांद्याला देते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला डुलते. वजन कमी करायचं तर काडतुसाचा जोरही कमी करावा लागतो. हे गेलनने पोरांना शंभर वेळा सांगितलंय. स्वतःची पाळी आली की सगळे पंडित वर्ग विसरतात.

"चल खाणीत," मी म्हटलं. "झाडून बघ, मग बोल."

गावामागच्या खडीच्या जुन्या खाणीत आम्ही सगळे नेम तपासतो. मी दोन रायफली घेतल्या, दोन्ही साडेपाच पौंडांच्या. एक मॅग्नमची, एक सौम्य काडतुसाची. त्याची जुनी त्याच्या पिकअपमध्ये होतीच. काडतुसं भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं, आणि भरताना मधेच एक लाल टोकाचं खोटं काडतूस सरकवलं. आत दारू नाही, काही नाही. वर्गात नव्या पोराची भीती पकडायची ही जुनी युक्ती. बार उडत नाही, त्यामुळे चाप ओढताना धक्क्याच्या भीतीने हात आधीच खाली दचकतो का ते उघड दिसतं. गेलनने ती किती पोरांवर वापरली असेल! पण आपल्यावर कोणी वापरेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मॅग्नमचा पहिला बार बरा गेला. दुसरा खाली. तिसऱ्याला नुसतं खट् झालं, आणि रायफलीचं तोंड असं खाली दचकलं की टेबलावरची वाळूची पिशवी हलली.

गेलनने रायफल टेबलावर ठेवली. मग भडकला.

"खोटं घातलंस? माझ्या रायफलीत?"

"घातलं."

"ही तुझी काडी आहे काडी! हिच्या धक्क्याने कोणीही दचकेल. माझी आण इकडे."

मी त्याची जुनी आणली. जड, बेचाळीस वर्षं हाताळून दस्ता गुळगुळीत झालेली. त्याच रायफलीने ती एल्क पायात मारली होती. मी पाठ करून काडतुसं भरली.

पहिलाच खट्. आणि तोंड पुन्हा खाली.

त्याने कानांवरची झाकणं काढली, रायफलीचा बोल्ट मागे ओढला, लाल काडतूस तळहातावर घेतलं आणि बघत राहिला. मला वाटलं आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"नोरीन," तो म्हणाला, "वारा नव्हता."

"नव्हता."

"वारा गोळी आडवी नेतो. खाली नेत नाही. मीच शिकवतो की हे."

तो उठून पिकअपपाशी गेला आणि फोन काढला. ऐकू कमी येतं म्हणून तो नेहमी स्पीकर लावतो. मी दूर जायला हवं होतं, गेले नाही.

"ब्रायस? मी बोलतोय."

"काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. ब्रायस, ती एल्क... वारा नव्हता. मी दचकलो होतो. चूक माझी होती."

पलीकडे गॅरेजात कोणीतरी लोखंड ठोकत होतं. ते थांबलं.

"माहीत आहे मला, बाबा. मी दुर्बिणीतून बघत होतो. गोळी खाली लागली."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

गेलनने बोनेटवर हात टेकला. "मेंढ्याचा परवाना लागलाय," तो म्हणाला. "येशील?"

"बघतो," ब्रायस म्हणाला आणि फोन ठेवला.

गेलनने सौम्य काडतुसाची ती हलकी रायफल घेतली. लाल काडतूसही मागून घेतलं, म्हणाला, "हे माझ्याकडे राहू दे." मग सगळा ऑगस्ट रोज सकाळी आम्ही खाणीत. मी भरायची, त्याने झाडायचं, खोटं कितवं हे फक्त मला ठाऊक. आधी पाचातले चार खट् खाली. मग तीन, मग एक. एखाद्या दिवशी पुन्हा सगळेच खाली, आणि त्या दिवशी तो तोंड वर करून बघत नसे. डोंगरावर ऐन वेळी काय होईल हे त्यालाही सांगता येत नव्हतं आणि मलाही. एक दिवस कॅफेतल्या टेबलावर तो स्वतःहून म्हणाला, "एल्क माझ्यामुळे गेली. पोराची काही चूक नव्हती." कोणाला धक्का बसला नाही, हेच वाईट. सगळे आपापल्या बशीतली अंडी टोचत राहिले. मीसुद्धा.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दाराची घंटी वाजली. ब्रायस होता. वाळलेला वाटला.

"आलास!" मी म्हटलं. "बस, कॉफी देते."

"नको. पहाटे चढायचंय. खांद्यासाठी रुंद पट्टा पाहिजे बाबांना."

मी पट्टा काढून दिला. त्याने खिशातून लाल काडतूस काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "बाबांनी परत दिलंय."

"राहू दे की त्याच्याकडे."

"नोरीन," तो म्हणाला, "गोळी खाली लागली हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

"तुला?"

"मला त्याच्याही आधी. शिकारीच्या आठवडाभर अगोदर तो खाणीत नेम तपासत होता, तेव्हाच मी त्याचा हात दचकताना बघितला होता."

"आणि तरी तू मला स्पोकेनला जा म्हणालीस."

सगळं खोरं माझ्या तोंडाला घाबरतं. त्या तोंडातून त्या वेळी एवढंच निघालं, "चुकलं माझं, पोरा." दोन वर्षांपूर्वी म्हणायचं होतं ते आता म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

ब्रायसने पट्टा गुंडाळून खिशात घातला. रागावला नाही, आवाजही चढवला नाही.

"बाबांना तरी माहीत नव्हतं," तो म्हणाला, आणि दार ओढून गेला.