धनसिंग आबांची वाव

पिंप्राळ्यात शेगडीची कॉइल जळाली की माणूस धनसिंग आबांच्या दुकानात जाणार, हे चाळीस वर्षं ठरलेलं. आबा रोलमधली वायर ओढायचे, दोन्ही हात आडवे फाकवायचे आणि मोजायचे. या हाताच्या बोटांपासून त्या हाताच्या बोटांपर्यंत एक वाव. अशा पाच वाव वायरीची कॉइल वळली की हजार वॅटची शेगडी तयार. टेप नाही, मीटर नाही. मीटरचा सेल उतरतो, हाताचा उतरत नाही, असं ते म्हणायचे, आणि म्हणताना समोरच्याच्या मीटरकडे असं बघायचे की तो बिचारा मीटर मुकाट खिशात घालायचा.

यंदाच्या थंडीत मात्र शेगड्या परत येऊ लागल्या. मेस चालवणाऱ्या सुनंदाबाई तर तिसऱ्यांदा आल्या. "आबा, कॉइल लालभडक होते, भाकरी करपते आणि पंधरा दिवसांत तार तुटते." आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांनी वायरीवर खापर फोडलं. धुळ्याच्या योगराजकडून ते तीस वर्षं वायर घेत होते. त्याला फोन लावून "भेसळीचा माल देस का?" म्हणून नको नको ते बोलले. योगराज शांत माणूस, पण दुखावला. सोमवारी येऊन रोल परत नेतो, आणि ज्याच्याकडून माल उचलतो त्याच्याशी संबंधच तोडतो, म्हणाला.

आता खरं सांगायचं तर दिवाळीपासून आबांचा डावा खांदा धरला होता. सदरा घालताना डोळ्यांत पाणी यायचं. पण सांगणार कोणाला? मुलगी हेमांगी धुळ्यात, देवपूरला, कॉलेजात फिजिक्स शिकवते. आई गेल्यापासून तिचं एकच पालुपद: दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला. खांद्याचं कळलं असतं तर तिने त्याच दिवशी कुलूप आणलं असतं. दुकान गेलं तर आपण उरतो कशाला, ही धास्ती आबांना खात होती. म्हणून झाकली मूठ.

शनिवारी हेमांगी आली ती सुनंदाबाईंची शेगडी टेबलावर असतानाच. आबांनी वायरीची कुळकथा सुरू केली. तिने ती निम्मी ऐकली, पर्समधून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर काढला आणि शेगडी चालू केली.

"दोनशे तीस व्होल्ट. करंट पाच पूर्णांक दोन." तिने बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला. "व्होल्टला करंटने भागलं की रेझिस्टन्स. चव्वेचाळीस ओहम. आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे पॉवर. जवळजवळ बाराशे वॅट. तुमची शेगडी हजाराची ना? मग करंट चार पूर्णांक तीन हवा आणि रेझिस्टन्स त्रेपन्न. नऊ ओहम कुठे गेले?"

"वायर खोटी शे. तेच सांगी ऱ्हायनू."

हेमांगी वाद घालत बसली नाही. रोलमधली बरोबर एक मीटर वायर टेपने मोजली, मीटर लावला. सहा पूर्णांक सहा ओहम. रोलच्या चिठ्ठीवरही तोच आकडा.

"वायर चोख आहे आबा. चव्वेचाळीसला सहा पूर्णांक सहाने भागा. या कॉइलमध्ये पावणेसात मीटरच वायर आहे. तुमच्या पाच वाव म्हणजे आठ मीटर असतात. लहानपणी मीच मोजायचे की."

आकडे आबांना फारसे कळत नव्हते, पण कमी काय पडलं ते मात्र लख्ख कळलं. नाही म्हणायला अजून जागा होती. माणूस हट्टी, वायरीलाच धरून बसला असता तर पोरगी काय करणार होती? पण सोमवारी योगराज येणार होता आणि एका निर्दोष माणसाचा धंदा तोडणार होता.

आबा उठले. भिंतीला पाठ लावून त्यांनी हात फाकवले. उजवा सरळ गेला. डावा कोपरात वाकलेला, निम्म्यावर थांबला.

हेमांगीने टेप लावला. एक मीटर तेहतीस. आबा डोळे मिटून देवपूरचं नाव ऐकायची वाट बघत होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मला फोनवर 'मजेत शे' सांगत होता?" तिला राग आला होता आणि रडूही. मग तिने डोळे पुसले आणि कागद पुढे ओढला. "आठ भागिले एक पूर्णांक तेहतीस. सहा. खांदा सुटेपर्यंत सहा वाव घ्या. सोमवारी डॉक्टर. आणि बनवलेली प्रत्येक कॉइल मीटरवर बघायची."

"आनी दुकान?"

"दुकानाला काय झालंय? दुखतोय तो खांदा."

आबांनी नवी कॉइल वळली, सहा वाव. मीटर चार पूर्णांक तीनवर थांबला. मग त्यांनी मोबाइल उचलला. आयुष्यात कोणाकडे चूक कबूल न केलेल्या माणसाला नंबर लावायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"योगराजभाऊ," ते म्हणाले, "वायर चोख शे. मनाच हात आखूड पडी गया, खांदा धरेल शे."

पलीकडून योगराजने हळूच विचारलं, "भलता दुखस का रे?"

"हां भाऊ," आबा म्हणाले. "भलता दुखस."