चार दिवस वगळता सौम्य

“शेड घेऊ की नको, एवढंच सांग,” मिसेस मॅके फोनवर म्हणाल्या. “ते तीन खोके आज नकोत मला.”

मार्चचा पहिला आठवडा होता. लंडनजवळ, स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, दोन वेअरहाउसांच्या मधे आमचं ऑफिस होतं. हवामानाचे अंदाज विकणारी छोटी खासगी कंपनी. मी तिथे फोरकास्टर होते आणि माझ्याकडे स्कॉटलंडचा उत्तर भाग होता. समोर त्या भागाचा स्प्रिंग आउटलुक उघडा होता.

आउटलुक म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. टीव्हीवर जो अंदाज दिसतो तो उद्या-परवाचा. आउटलुक पुढच्या तीन महिन्यांचा, आणि तोही एकत्र. त्यात मंगळवारी पाऊस, बुधवारी ऊन असलं काही नसतं. तीन खोके असतात: नेहमीपेक्षा थंड, नेहमीसारखा, नेहमीपेक्षा सौम्य. यातला कुठला खोका किती जड आहे, एवढंच आम्ही सांगतो. त्या वर्षी सौम्यचा खोका चांगलाच जड होता. इतका जड मी आधी कधी पाहिला नव्हता.

मिसेस मॅके इन्व्हर्नेसच्याही उत्तरेला, गाडीने दोन तासांवर राहायच्या. डोंगरावर दोनशेच्या वर मेंढ्या. त्यांच्या भागातल्या मेंढीवाल्यांच्या गटाने आमचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, त्यात फोरकास्टरशी फोनवर बोलायची सोय होती. बाकीचे फॅक्स वाचून गप्प बसत. या बाई मात्र दर पंधरा दिवसांनी फोन करत. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं होतं, “तू कुठली?” मी म्हटलं, नागपूरची, आणि आमच्याकडे मे महिन्यात किती तापतं तेही सांगितलं.

“अरे देवा! मेंढ्या कशा जगतात तिथे?”

“मेंढ्यांचं माहीत नाही. माणसं कूलरपुढे जगतात.”

त्या खूप वेळ हसल्या होत्या.

त्या वर्षी जानेवारीत त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. येत्या गुरुवारपर्यंत जमीन किती खोल गोठलेली राहील, असं विचारलं. मी आकडे काढता काढता विचारलं, काम कसलं आहे? कुंपणाचे खांब?

“डोनाल्डसाठी,” त्या म्हणाल्या. “खणणाऱ्याला सांगायचं आहे.”

डोनाल्ड म्हणजे त्यांचे यजमान. मी जमिनीचं तापमान सांगितलं आणि फोन ठेवून टॉयलेटमध्ये जाऊन रडले. या नोकरीत रडायची वेळ येईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर आता मार्चमधला हा शेडचा प्रश्न. एप्रिलच्या मध्यापासून लॅम्बिंग, म्हणजे मेंढ्या व्यायचे दिवस सुरू होतात. डोंगरावरच्या मेंढ्या उघड्यावरच वितात. दरवर्षी नवरा-बायको आळीपाळीने डोंगर फिरायचे. या वर्षी बाई एकट्या. शेजाऱ्याने आपली मोठी शेड देऊ केली होती. पण त्याला दोन दिवसांत उत्तर हवं होतं. नको असेल तर तो आपल्या गायी आणखी दोन महिने आत ठेवणार होता. आणि बाईंना मनातून शेड नको होती. डोंगराच्या मेंढ्या आत कोंडल्या की बिथरतात, आजारी पडतात, आपल्याच कोकरांना ओळखत नाहीत.

“स्प्रिंग वाईट असेल तर घेते,” त्या म्हणाल्या. “डोनाल्ड असता तर आभाळाकडे बघून सांगितलं असतं त्याने. मला तेवढं कळत नाही. तू सांग.”

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ऑड्स, म्हणजे शक्यता सांगायची, सल्ला द्यायचा नाही. आमचे बॉस ग्रॅहम नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. मी सहा वर्षं तो नियम पाळला होता. त्या दिवशी मात्र बाईंचा आवाज ऐकून मला राहवलं नाही. त्यांना कुणीतरी ठाम काही सांगावं, असं वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर मला माझ्या आउटलुकचा गर्वही झाला होता.

“मी तुमच्या जागी असते,” मी म्हटलं, “तर शेड घेतली नसती.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “थँक यू, डियर.”

फोन ठेवला तर शेजारच्या डेस्कवरचा निखिल माझ्याकडे बघत होता. पुण्याचा मुलगा, आमचा आयटी सांभाळायचा, कान तिखट.

“वैशाली, तू आत्ता काय बोललीस ते ऐकलंस का?”

“ऐकलं.”

“ग्रॅहमने ऐकलं असतं ना, तर सरळ एचआर. तू ॲडव्हाइस दिलीस यार.”

“अरे, बाई एकटी आहे. चार्ट इतका स्ट्राँग आहे. जरा माणसासारखं वाग की.”

“माणसासारखं वागायला माझी ना नाही,” तो म्हणाला. “पण तुझ्या चार्टमध्ये एप्रिलचा तिसरा आठवडा कुठे दिसतोय, ते दाखव मला.”

दिसत नव्हताच. तो कुणालाच दिसत नसतो. मी त्याला म्हटलं, तू तुझा सर्व्हर बघ.

मार्च सुरेख गेला. एप्रिलचा पहिला पंधरवडाही. स्लाऊमध्ये लोक कोट काढून फिरत होते आणि उत्तरेतही दिवसा चांगलं ऊन होतं. मिसेस मॅकेंचा फोन आला, आवाज अगदी फुललेला. पहिली कोकरं आली होती, गवत लवकर फुटलं होतं. “तुझ्यामुळे गं,” असं त्या म्हणाल्या, आणि मी ते घेतलं. हवामान माझ्यामुळे होत नाही, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मग एका शुक्रवारी सकाळी मी मॉडेलचा नवा रन उघडला. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरने काढलेला पुढच्या काही दिवसांचा अंदाज. त्यात थेट उत्तरेकडून, आर्क्टिकवरून वारा खाली घसरताना दिसत होता. सोमवारपासून चार दिवस. जोराचा वारा आणि ओला बर्फ. कोरडी थंडी कोकरू सोसतं. त्याच्या पोटात दूध असलं की गोठलेल्या जमिनीवरही ते तग धरतं. पण अंग ओलं झालं आणि त्यावर वारा लागला, की दोन-तीन तासांत संपतं. हे मला बाईंनीच शिकवलं होतं.

मी लगेच फोन लावला. सगळं सांगितलं.

“किती खात्रीने सांगतेस?”

“यावेळी खोके नाहीत. येणार आहे.”

त्या म्हणाल्या, “मेंढ्या साऱ्या डोंगरभर पांगल्यात. अर्ध्या व्यायल्यात, अर्ध्या व्यायच्या आहेत. आता हाकलल्या तर आया एकीकडे, पिल्लं दुसरीकडे होतील. आणि नेऊ कुठे? शेडमध्ये त्याच्या गायी आहेत.”

“शेजाऱ्याला विचारून बघा ना.”

“विचारते,” त्या म्हणाल्या. “त्याने तरी गायी कुठे न्यायच्या?”

चार दिवस मी कामावर नुसती बसून होते. रडारवर पांढरे ठिपके तासातासाला त्यांच्या डोंगरावरून सरकायचे. माझा अंदाज तंतोतंत बरोबर येत होता, आणि असा बरोबर अंदाज शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. बुधवारपासून त्यांचा फोन लागेना. तिकडच्या लाइनच पडल्या होत्या. निखिल दुपारी माझ्या डेस्कवर चहा ठेवून जायचा. “मी म्हटलं होतं,” हे तो एकदाही म्हणाला नाही, याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे.

मे महिन्यात मी दोन दिवसांची रजा काढून गेले. ऑफिसात कारण सांगितलं नाही. इन्व्हर्नेसपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटल्या होत्या धिप्पाड. निघाल्या माझ्या खांद्याला लागणाऱ्या. हात मात्र पुरुषी, सालटं निघालेले. त्यांनी चहा केला आणि मग मला डोंगराच्या पायथ्याशी दगडी भिंतीपाशी नेलं.

“वारा चुकवायला मेंढ्या इथे आडोशाला आल्या,” त्या म्हणाल्या. “बर्फ भिंतीवरून आत पडत राहिला. मला फावड्याने खणायला दोन दिवस लागले.”

कोकरं जवळजवळ सगळी गेली होती. मेंढ्या सत्तरच्या आसपास दगावल्या होत्या. मी विचारलं, नवीन आणता येणार नाहीत का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला समजावून सांगितलं. या डोंगराला कुंपण नाही. आपला डोंगर कुठे संपतो, वादळात कुठे उभं राहायचं, पाणी कुठे, हे प्रत्येक मेंढी आपल्या आईकडून शिकते. तिची आई तिच्या आईकडून. बाजारातून आणलेली मेंढी दुसऱ्या दिवशी दहा मैलांवर सापडते. डोनाल्डच्या आजोबांपासून ही शिकवण चालत आली होती. आता शिकवणाऱ्या कमी उरल्या होत्या आणि शिकणाऱ्या तर त्या वर्षी नव्हत्याच.

“परत उभा राहतो कळप,” त्या म्हणाल्या. “पण दहा वर्षं लागतात. आणि दोन माणसं.”

मी माफी मागितली. बरंच काही पाठ करून गेले होते. तोंडून एवढंच आलं की मी तसं सांगायला नको होतं.

“डोनाल्ड गेल्यापासून मी बँकेला विचारलं, व्हेटला विचारलं, मुलीला विचारलं. सगळे म्हणाले, तुझं तू ठरव. तू एकटीनेच उत्तर दिलंस.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “चुकीचं होतं. पण दिलंस.”

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. परतताना रस्त्यात दोनदा गाडी थांबवावी लागली.

जूनमध्ये आमची व्हेरिफिकेशन मीटिंग झाली. म्हणजे दिलेला आउटलुक आणि प्रत्यक्ष हवामान यांचा ताळा. ग्रॅहमनी स्लाइड लावली. उत्तर स्कॉटलंड, मार्च ते मे, तीन महिन्यांची सरासरी: नेहमीपेक्षा सौम्य. पुढे हिरव्या अक्षरांत ‘हिट’.

“वेल डन, वैशाली,” ग्रॅहम म्हणाले. टाळ्या झाल्या.

“एप्रिलमधले चार दिवस?” मी विचारलं.

“ते आहेत की यात. ॲव्हरेजमध्ये गेले.”

ते चुकीचं बोलत नव्हते. ब्याण्णव दिवसांत चार दिवस सहज विरघळतात. मग ग्राहकांचे फीडबॅक फॉर्म वाचून दाखवले गेले. त्यात मिसेस मॅकेंचाही होता. ‘आउटलुक बरोबर आला का?’ यापुढे त्यांनी ‘हो’वर खूण केली होती. ‘पुढच्या वर्षी सेवा चालू ठेवाल का?’ यापुढे हाताने लिहिलं होतं: नको, मेंढ्या विकल्या. ग्रॅहमनी पान उलटलं. त्यांचा दोष नव्हता. फोनवरचं ते वाक्य त्यांना माहीतच नव्हतं. मीटिंग संपल्यावर त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मी ते सांगितलं. त्यांनी मला लेखी ताकीद दिली. मी आनंदाने सही केली, कारण त्या सगळ्या प्रकरणात माझी चूक कुठेतरी लिहिली गेली ती तेवढीच.

त्या डोंगरावर पुढे कुणीतरी पाइनची झाडं लावली, असं कळलं. मिसेस मॅके मुलीकडे राहायला गेल्या. ख्रिसमसला कार्ड पाठवायच्या, हवामानाबद्दल एक अक्षर नसायचं.

मी अजून आउटलुक करते. कुणी फोनवर विचारलं, तर आधी उलट विचारते: तीन महिन्यांतला कुठला आठवडा वाईट गेला तर तुमचं भागणार नाही? लोक बरोबर तो आठवडा सांगतात. मग मी म्हणते, त्या आठवड्याबद्दल मला आज काहीही माहीत नाही. शेड मिळत असेल, तर शेडचं तुम्हीच बघा. बरेच जण यावर चिडतात. एक जण म्हणाला, मग तुम्ही पगार कसला घेता?

मी त्याला तीन खोके समजावून सांगितले.