मला गाडी लागते

ही फजिती सांगू का नको, असं मला दरवेळी होतं. पण तुम्ही चहा पाजलाय, तेव्हा सांगतो. हसा, पण जरा बेतानं हसा!

तर, मला गाडी लागते. साधीसुधी नाही. बेळगाव सुटलं की पोटात ढवळतं आणि निपाणीच्या अलीकडं तवंदीचा घाट आला की मी निम्मा खिडकीबाहेर. अशा माणसाला नोकरी लागावी कुठं? तर लिबियात!

सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मी बेळगावातच, खासबागेत हातमागावर होतो. परदेशी बांधकामावर माणसं पाहिजेत म्हणून भरती निघाली. परीक्षा कसली? सिमेंटचं पोतं उचलून चालून दाखवायचं. ते मी दाखवलं. सगळी काळजी होती ती विमानाची. मुंबईपासून दिवसभर त्यात बसायचं!

थोरले अण्णा मला समजवायला बसले.

"हे बघ, मागची शीट घेऊ नको, लई आपटती. चाकावरची तर न्हाईच न्हाई. डायवरच्या मागं, खिडकीला बसायचं. काच उघडून तोंडावर वारं घ्यायचं."

"अण्णा, इमानाची काच उघडत्यात व्हय?"

"मग खिडक्या काय शोभंला लावल्यात? आणि बुडाखाली पेपर घाल. पेपरवर बसलं की लागत न्हाय."

अण्णा स्वतः संकेश्वरच्या पुढं कधी गेलेले नव्हते. पण बोलणं कसं, पायलटासारखं!

"आणि लाजू नको रं. मला गाडी लागती म्हणून काउंटरलाच सांगून टाक. न्हाईतर कुठंबी कोंबत्यात."

आता, परक्या बाईशी बोलायचं म्हटलं की मी रस्ता बदलतो. आणि मुंबईला काउंटरवर नेमकी मुलगीच! माझं हिंदी म्हणजे बेळगावच्या कॅम्पातल्या बाजारात कानावर पडलेलं. मान खाली घालून म्हणालो, "मेरे को गाडी लगती है."

तिचं पेन थांबलं. "आपको गाडी लगती है? कब से?"

"बचपन से."

"अरेरे! चलने में तकलीफ होती है?"

"चलने में ही तो होती है! खडा रहा तो कुछ नहीं."

"और चढने में?"

मला तवंदीचा घाट आठवला. "चढने का आया, तो खतम!"

तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. मला वाटलं, काय मायाळू माणसं ही! आमचा कंडक्टर नुसता "तोंड भाईर काढ" म्हणतो.

"आपको सबसे आराम की सीट देती हूं," ती म्हणाली. "गाडी भी अभी आती है."

आली गाडी. चाकांची खुर्ची होती ती! मागं ढकलायला एक माणूस. मी इकडंतिकडं बघितलं. बाकीचे सगळे चालत निघाले होते. त्यांना गाडी लागत नसेल, असं मनाशी म्हणालो आणि बसलो. नको कसं म्हणणार? एवढ्या प्रेमानं आणलेली!

सगळ्यांच्या आधी मला आत नेलं. पहिली रांग, खिडकी, पुढं पाय सोडायला ऐसपैस जागा. काच काही उघडली नाही. दोनदा ओढून बघितली. हवाईसुंदरीनं पायाखाली उशी दिली. मी हळूच पेपर सरकवला, लिंबू हुंगत बसलो, आणि काय सांगू, पोटातलं पाणी हललं नाही!

मधे एकदा लघवीला उठलो, तर दोन हवाईसुंदऱ्या धावत आल्या आणि दोन्हीकडनं माझे दंड धरले. विमान चालू असताना असंच नेत असतील, म्हटलं. पण लाजेनं माझे पाय असे लटपटायला लागले की एक दुसरीला म्हणाली, "देखा, कितनी तकलीफ है बेचारे को!" त्यानंतर उतरेपर्यंत मी पाण्याचा थेंब घेतला नाही.

लिबियात दारातच पुन्हा खुर्ची. आता मला सवय झाली होती. ऐटीत बसलो.

बाहेर आमचा फोरमन उभा होता. पंजाबी, पण पुण्याकडं बरीच वर्षं कामं करून आपल्यासारखंच हिंदी बोलणारा. नव्या माणसांची नावं पुकारून एकेकाला ट्रकपाशी उभं करत होता. माझं नाव आलं. मी खुर्चीतनंच हात वर केला.

त्याचा आ वासला तो मिटेना.

"अरे, मैंने बोरी उठानेवाला मांगा था! इसको तो खुद उठाना पडेगा! वापस भेजो!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मुलगी, ती उशी, ते दंड धरणं... अहो, पण परत? सगळ्या गल्लीनं हार घालून निरोप दिलेला! आई अजून पेढे वाटत असेल. बोलून खुलासा करावा, तर बोलण्यानंच घात केलेला. मी उठलो आणि ती खुर्चीच चाकांसकट डोक्यावर उचलून धरली! ढकलणारा बिचारा "या अल्ला" म्हणत मागं सरला.

फोरमन हसून हसून वाकला.

"बस, बस, रख नीचे! चल, आगे मेरे पास एक जगह है. तेरे को गाडी-बिडी लगती है क्या?"

नेमके तेच शब्द! आणि ती जागा! डायवरशेजारी, भली मोठी खिडकी, तीही उघडणारी. अण्णांनी सांगितली त्याहून सरस. पण माझी जीभ आता शहाणी झाली होती ना!

"नहीं साब! बिलकुल नहीं लगती!"

"शाबास! फिर पीछे चढ."

मागं जागा उरली होती ती चाकावरचीच. रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि वाळू. पेपर विमानातच राहिला होता, लिंबू चिपाड झालं होतं. तवंदीचा घाट देवमाणूस म्हणायचा!

कामगारांच्या कॅम्पवर पोचल्यावर फोरमननं स्वतः मागची फळी पाडली. आधी माझं पोट उतरलं, ते त्याच्या बुटांवर. मागनं मी. पाय काही धरेनात, तेव्हा चौघांनी मला हातापायाला धरून आत नेलं.

आणि फोरमन बूट झटकत मागनं ओरडत होता, "अरे, वो इसकी खुर्ची कहां है? वापस मंगाओ!"