मावशींचा घरचा शेक

नितेशच्या मांडीवरची चादर बाजूला केली आणि मी वाकून पुन्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि जिथे चिरायचं नेमके तिथेच भाजल्याचे टपोरे फोड.

नितेश गव्हाणचा. बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो. डाव्या मांडीत सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे हाडाचा नव्हे, मांस-चरबीतला कॅन्सर. पूर्वी आम्ही सर्जन अशा वेळी सरळ पाय कापून मोकळे व्हायचो. आता बऱ्याचदा आधी रेडिएशन देतात. त्याने गाठीच्या कडेच्या पेशी मरतात, मग भोवतालच्या थोड्या चांगल्या मांसासकट गाठ काढता येते आणि पाय राहतो. नितेशने एकच विचारलं होतं, "मॅडम, क्लच दाबता येल ना?" डावा पाय गेला की ट्रेलर गेला, आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं.

रेडिएशनचं खातं डॉक्टर कामतांचं. मशीनवर हात बसलेला माणूस, बोलायला मात्र जिवावर येतं. रेडिएशन संपल्यावर कातडी शांत व्हावी म्हणून त्यांनी नितेशला काही आठवडे घरी पाठवलं. ही कातडी फार नाजूक असते. ऑपरेशननंतर जखम भरलीच नाही, तर वाचवलेला पायही काढावा लागू शकतो.

मी त्याच्या आईला विचारलं, "मावशी, हे काय केलंत?"

"शेक दिला. घरचा."

तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, सकाळ-संध्याकाळ. मावशी उरणकडच्या मिठागरवाल्यांची लेक. दाढेपासून टाचेपर्यंत सगळ्यावर त्यांच्याकडे हेच औषध.

"कामत सायबांनी शेक दिला, पन गाठ हाय तेवढीच. मंग आमाला वाटलं, मशीनचा कमी पडला आसंल."

गाठ आतून मेली तरी बाहेरून तेवढीच दिसू शकते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी कामतांना फोन केला. ते म्हणाले, रेडिएशनला शेक म्हणणं रूढ आहे. मी म्हटलं, वॉर्डात येऊन बघा किती रूढ झालंय ते.

ऑपरेशन पुढे ढकललं. फार थांबायचीही सोय नव्हती, गाठ पुन्हा वाढली असती. तोवर मी मिठाला आणि कामतांना आळीपाळीने शिव्या घातल्या. फोड सुकले. भाजलेली कातडी गाठीसकट काढली, प्लास्टिक सर्जनने पाठीचा स्नायू आणून खड्डा बुजवला. रोज ड्रेसिंग मी स्वतः सोडायचे. जखम रडतखडत भरली.

नितेश आता पुन्हा ट्रेलरवर आहे. कामत हल्ली शेक म्हणत नाहीत, 'लाईट देणार' म्हणतात. परवा एका पेशंटने त्यांना विचारलं, मधेच लाईट गेली तर?

मावशी फॉलोअपला आल्या, त्या शेजारच्या बाईंना त्यांच्या मांडीतली गाठ मला दाखवायला घेऊनच. बाहेरच्या बाकावर त्यांचं समजावणं चालू होतं, "मॅडम कापतात चांगल्या. पन माज्या पोराची गाठ सैल केली ती मिठानं."

पाय वाचला की श्रेय पेशंटच्या आईने वाटायचं असतं. आपण पुढच्या पेशंटला आत बोलवायचं आणि नाव विचारायच्या आधी विचारायचं, घरी मीठ तापवलंत का?