मस्कतच्या विमानातलं सांबारं

आमच्या घाटकोपरच्या टेकडीवर बोलायची एक रीत आहे. विमान आलं की थांबायचं. विमानतळ जवळ, त्यामुळे उतरणारी विमानं चाकं बाहेर काढून आमच्या पत्र्यांवरूनच जातात. मग भांडण चाललेलं असो की लग्नाची बोलणी, सगळे तोंड तसंच उघडं ठेवून वर बघतात, आणि आवाज विरला की ज्या शब्दावर सोडलं त्याच शब्दावरून पुढे चालू. नवा पाहुणा घाबरतो, म्हणतो ह्यांना झालं काय! तर सांगायचं एवढंच, की लग्न होऊन आल्यापासून मी विमानाचं पोट बघत आले. आत बसेन असं स्वप्नातसुद्धा नव्हतं. आणि बसले ती कुठे, तर पहिल्या वर्गात, तेही दोनदा. जाताना एका कंपनीच्या, येताना दुसरीच्या. दोन्हीकडे पोटभर जेवले. आता दोन घरी जेवून आलेली बाई गप्प बसेल का?

माझी धाकटी मंगल मस्कतला असते, तिला मुलगा झाला. जावई तिकडे विमान कंपनीच्या मालखात्यात, म्हणून सासूला पास मिळाला. पासाचं असं, की जागा उरली तर बसायचं, मिळेल तिथे. पण माझ्यापेक्षा जास्त घाई माझ्या सुनेला झाली होती, सुनंदाला.

ही सुनंदा अंधेरीला विमानांचं जेवण करणाऱ्या किचनमध्ये कामाला. किचन म्हणतात, पण आहे गिरणीएवढं. इतकी वर्षं ती काटे-चमचे रुमालात गुंडाळून ट्रेमध्ये लावायची. ह्या वर्षी तिला आत, शेगडीवर घेतलं. कशामुळे, तर सांबाऱ्यामुळे. ती मूळची देशावरची, साताऱ्याकडची, पण काळ्या वाटाण्याचं सांबारं (भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप लावलेला आमचा मालवणी रस्सा) माझ्या हाताखाली शिकली. तिच्या डब्यातलं ते मोठ्या शेफने एकदा चाखलं आणि म्हणाला, हे पहिल्या वर्गाच्या शाकाहारी जेवणात ठेवून बघू, सोबत आंबोळी (तांदळाचं जाळीदार धिरडं). एक महिना बघायचं ठरलं. आणि वाट्या तशाच भरलेल्या परत येऊ लागल्या. शेफ म्हणाला, बाई, महिनाअखेर असंच राहिलं तर सांबारं बंद आणि तू परत चमच्यांवर.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती माझी बॅग बांधत होती.

"आई, आम्ही एवढं रांधतो, पण आमच्यातलं कुणी वर जाऊन जेवलेलं नाही हो. तिकडे गरम केल्यावर त्याचं काय होतं, देव जाणे. तुम्ही खाऊन बघा आणि खरं सांगा. माझं मन..."

विमान आलं. दोघी थांबलो. गेलं.

"...राखू नका," ती म्हणाली.

"आणि मला मागे बसवलं तर गं?"

"तर मागून ओरडा, सांबारं आणा म्हणून!"

सहारच्या विमानतळावर मात्र नशीब उघडलं. मागचे सगळे वर्ग आखातात कामाला निघालेल्या पोरांनी भरलेले. काउंटरवरची मुलगी माझा पास उलटासुलटा करून म्हणाली, "आजी, फक्त पुढेच जागा आहे. चालेल ना?" मी म्हटलं, "बाळा, पंखावर बसवलंस तरी चालेल."

पुढे म्हणजे काय सांगू! खुर्ची अशी, की माझे पाय जमिनीला लागेनात. बसल्या बसल्या एका मुलीने चिमट्याने गरम वाफाळता रुमाल पुढे केला. मला वाटलं खायचं काही गुंडाळलंय. उलगडत गेले, उलगडत गेले, आत काहीच नाही. शेजारचे गृहस्थ हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी आपलं तोंड पुसून दाखवलं. मग मीही पुसलं. रतिभाई त्यांचं नाव, मुलुंडचे, नळाच्या तोट्यांचा व्यापार.

विमान उडालं, कानात दडे बसले आणि मग जेवण सुरू झालं. सुरू झालं असंच म्हणायचं, कारण ते एकदम येतच नाही. आधी इस्त्रीचा पांढरा रुमाल मांडला. त्यावर भाजलेले काजू, तेही कोमट करून. काजू कोमट करावेत हे आम्हा कोकणातल्यांना सुचलं नाही बघा. मग काकडी-टोमॅटोचं काहीसं, चीजचा तुकडा, छोटा गोल पाव आणि लोण्याचं फूल. खरंच फूल, पाकळ्यांसकट. ते मोडवेना. मग चिनी मातीची झाकलेली वाटी आली. झाकण काढलं आणि तो वास! ढगांच्या वर, कुठे ते मस्कत, आणि समोर माझ्या घरचं सांबारं. बाजूला दुमडलेली आंबोळी.

आता आमच्या घरची सवय अशी, आवडीचं शेवटाला ठेवायचं. माझ्या सासूबाईही तशाच जेवायच्या, मीही. वाटी अलगद बाजूला सारली आणि बाकीचं खात बसले. पाव खाल्ला, लोणी शेवटी मोडलंच. मग म्हटलं, सांबाऱ्याला हात घालण्याआधी हात धुऊन येऊ, ते काही काट्याने खायचं नव्हे. मोरीत (चांगली ऐसपैस होती, साबणालासुद्धा गुलाबाचा वास) जाऊन आले, तर समोर स्वच्छ टेबल. ट्रे गायब!

"रतिभाई, माझी वाटी?"

"बेन, तो वाढणारा घेऊन गेला ना. तुम्ही खाल्लं नाय, त्याला वाटलं नको असेल."

म्हणजे सुनंदाची आणखी एक भरलेली वाटी परत चालली, आणि ती माझी! पडद्यामागे त्यांची स्वयंपाकाची जागा, तिथे तशीच घुसले. कारभारी (तिथल्या वाढप्यांचा मुख्य) एक उंच माणूस होता. खिशावरच्या पट्टीवर ग्रेगरी लिहिलेलं. मी हिंदी जुळवत होते, तेवढ्यात तोच म्हणाला, "काय गो मावशी, काय हरवलं?"

मढ बेटावरचा, मुंबईचाच निघाला! मी म्हटलं, "माझं सांबारं."

त्याने कपाट उघडलं. आत माझी वाटी होती आणि तिच्याशेजारी आणखी भरलेल्या वाट्या. "हे का? हे कोणच खात नाय मावशी. रोज परत."

"ते माझ्या सुनेने केलंय," मी म्हटलं. आणि मग काय, बांध फुटावा तसं सगळं सांगून टाकलं त्याला. शेगडी, चमचे, महिनाअखेर, सगळं.

ग्रेगरीने माझी वाटी पुन्हा गरम केली, एक पेटी ओढून मला बसवलं आणि चमचा हातात दिला. मी खाल्लं. सुनेने मन राखू नका म्हटलं होतं, म्हणून जीभ कडक करून खाल्लं. वाटप बारीक, खोबरं नेमकं भाजलेलं, वाटाणा मऊ आणि तरी अख्खा. पण मीठ उणं. घरी हिचा हात असा नाही.

"खाली चाखलं तर मीठ ठीकच असतं," ग्रेगरी म्हणाला. "वर आलं का सगळंच पानचट लागतं. कान बसतात तशी जीभ पण बसते."

मग आंबोळी उचलली. ती वाकेना. चामडं! ओढली तर माझी कवळीच आंबोळीत राहायची वेळ.

"वाटीबरोबर हीपण भट्टीत घालता काय रे?"

"एकाच ट्रेमध्ये येतं, एकत्रच जातं. वेगळं कोण करणार?"

म्हणजे बघा, लोक आंबोळी मोडायला जात होते, ती मोडत नव्हती, मग तो काळा रस्सा कशाशी खायचा हे कळेना, की वाटी बाजूला. कुणी सांबाऱ्याला नावं ठेवलीच नव्हती. कुणी ते खाल्लंच नव्हतं!

"साधा भात आहे का रे?" चिकनबरोबरचा होता. त्यावर दुसऱ्या वाटीतलं सांबारं ओतलं, मिठाची ती कागदी पुडी असते ना, ती सोडली, कालवलं. ग्रेगरीला पहिला घास. तो उभ्या उभ्या सगळं संपवून म्हणाला, "आयला, झकास! माझ्या आयेची आठवण केलीस गो." तेवढ्यात पडद्यातून रतिभाईंचं डोकं आत. "बेन, हे काळं काय एवढं खाता?" त्यांनाही बशी दिली. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मी मात्र माझी वाटी शेवटपर्यंत निपटली, बोटाने.

तेच विमान लगेच परत मुंबईला फिरणार होतं. उतरताना मी ग्रेगरीचा हात धरला. "अंधेरीच्या किचनमध्ये सुनंदाला निरोप देशील का रे बाबा? मीठ वाढव, आंबोळी काढ, भात लाव. आईने सांगितलंय म्हणावं."

"देतो गो," म्हणाला. आता वाटेतला माणूस, दिवसभर शंभर जणांचं ऐकणारा. देईल का, कोण जाणे.

मस्कत स्वच्छ, पांढरं, आणि डोंगर असे की एक झाड नाही, नुसती हाडं. नातू गोरा, जावळ दाट. मंगलच्या हातची मच्छी खाल्ली. शेजारची ओमानी बाई रोज खजूर घेऊन यायची. ना मला तिची भाषा, ना तिला माझी, तरी बाळंतिणीचं सगळं बोलून झालं आमचं. पण मन अर्धं अंधेरीला. ट्रंककॉल एकदाच लागला, त्यात बाळाचं वजन सांगता सांगता लाइन तुटली. महिना संपला आणि मला काहीच कळलं नाही.

परतीचं विमान दुसऱ्या, तिकडच्याच कंपनीचं. मागे गर्दी, म्हातारी एकटी, म्हणून पुन्हा पुढे बसवलं. त्या लोकांचं भलं होवो. आणि जेवण? खरं सांगायचं तर ताट ह्यांचंच उजवं. दल्ल्यातून (लांब चोचीचं पितळी भांडं) वेलचीची कॉफी, बाजूला खजूर. लिंबू पिळलेलं मसुरीचं पिवळं सूप, जिभेवर मखमल. भाकरीसारखा पाव गरम आणि मऊ, कारण तो वेगळ्या टोपलीत गुंडाळून ठेवला होता. हे मी उठून बघून आले, आता मला तेवढं कळत होतं! मीठही नेमकं. प्रत्येक घासाला मला वाटे, हे रांधणारी बाई कधी वर येऊन जेवली असेल का? तिलाही कुणीतरी सासू असेल का, खरं सांगणारी? गोड आलं तेव्हा मी मुद्दाम ते आधी खाल्लं. शिकले म्हणायची.

आणि मग विमान खाली आलं. वळलं. खिडकीत टेकडी दिसली. पत्रे, वाळत घातलेली लुगडी, पाण्याची पिंपं. आमची टेकडी! भर दुपार होती. मी मनात म्हटलं, आत्ता खाली सगळे गप्प झाले असतील. कुणाचं तरी अर्धं वाक्य माझ्यामुळे अडलं असेल.

सहारला मुलगा न्यायला आला होता. त्याला विचारलं तर म्हणतो, "ते तिलाच विचार, मला ताकीद आहे." टॅक्सी पायथ्याशी सोडली, चढण चढले. सुनंदा दारात उभी. नुकतीच ड्यूटीवरून आलेली, केसांची जाळीसुद्धा काढली नव्हती. मी पिशवी खाली ठेवली.

"काय झालं गं?"

ती हसली, तोंड उघडलं, "आई, तुमचा तो ग्रेगरी..." आणि विमान आलं.

दोघी थांबलो. रीतच आहे. ती तशीच माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरून उठवलं, आणि तिच्या पदराचा वास आला. भाजलेल्या खोबऱ्याचा. चमचे गुंडाळणाऱ्या बाईच्या पदराला तो वास येत नाही.

विमान अजून डोक्यावर होतं. जाऊ दे म्हटलं सावकाश. आत कुणीतरी जेवून उतरत असेल.